बारागाड्यांचा मागचा दोर

माझा धाकटा भाऊ बारावीला दुसऱ्यांदा नापास झाला, त्या उन्हाळ्यात त्याच्याशी बोलायला घरातल्या प्रत्येकाकडे एकच वाक्य होतं. "मग, आता काय करायचं ठरवलंय?" आईचं तेच, पाणी भरायला आलेल्या शेजारणीचंही तेच. वडील एसटीत ड्रायव्हर. आज धुळ्याला मुक्काम, उद्या चोपड्याला. मुक्काम संपवून घरी आले की चपला काढता काढता तेही तेच विचारायचे. मी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवायचे. तोंडात टाचण्या धरूनसुद्धा मला हे वाक्य बोलता यायचं. तो बिचारा काय उत्तर देणार? ठरवायला हातात आधी काहीतरी असावं लागतं. तो गुपचूप उठायचा आणि बाहेर पडायचा.

बाहेर म्हणजे कोपऱ्यावर. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलचं दुकान होतं, दुकानापुढे बाकडं आणि बाकड्यावर शेठ. शेठ म्हणे! ना दुकान, ना गोदाम, ना वावर. पांढरी पँट, गॉगल आणि भोवती गोळा केलेली गल्लीबोळातली पोरं, एवढंच त्याचं भांडवल. भाडेकरू हलत नसला तर त्याला हलवून देणं, हातगाडीवाल्यांकडून वसुली, निवडणूक आली की जो बोलावेल त्याच्या जीपमागे ओरडत फिरणं, असे त्यांचे उद्योग चालायचे.

त्या पोरांना गुंड म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मीही म्हणायचे, आणि मोठ्याने म्हणायचे. पण माझं मशीन खिडकीशी होतं आणि खिडकीतून कोपरा स्वच्छ दिसायचा, ऐकूही यायचा. शेठने आमच्या धाकट्याला 'काय ठरवलंय' असं कधी विचारलं नाही. तो म्हणायचा, "काल कुठं होतास रे? वाट पाहिली तुझी." बस, एवढंच. आमच्या घरात त्याची वाट कोणी पाहत नव्हतं, खोटं कशाला बोलू? तो नसला की सगळ्यांना जरा हायसं वाटायचं. कोपऱ्यावर मात्र तो आल्याशिवाय चहा सांगत नसत. वीस वर्षांच्या पोराला भुलवायला आणखी काय लागतं? गणपतीत शेठने सगळ्यांना एकसारखे निळे शर्ट शिवून दिले. ज्याने जन्मात इस्त्रीला हात लावला नव्हता, त्याने तो शर्ट स्वतः इस्त्री केला.

पुढे पौषात माझी एक गिऱ्हाईक बाई ब्लाऊज न्यायला आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "अक्का, तुला माहीत नसेल तर सांगते. काल बाजारामागच्या वाड्यातल्या म्हातारा-म्हातारीची भांडी रस्त्यावर फेकली, त्यात तुझा भाऊ होता." माझं डोकं सणकलं. मी तशीच, गळ्यात मोजपट्टी, कोपऱ्यावर गेले. त्याची कॉलर धरली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "म्हातारीच्या तव्याला घाबरलास की तिला? एकट्याने जायची हिंमत नव्हती म्हणून दहा जणांना घेऊन गेलास का रे?" पोरं फिदीफिदी हसली. शेठने गॉगल वर केला आणि म्हणाला, "अक्का, घरचं भांडण घरी." धाकट्याने माझा हात झटकला. त्यानंतर तो जेवायलासुद्धा घरी येईना. मला त्या दिवसाचा आजही पस्तावा नाही, ते बोलायलाच हवं होतं. पण त्याने काम झालं नाही, हेही तितकंच खरं.

मग नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले. एक काका म्हणाले, लग्न लावून द्या, आपोआप वळणावर येईल. मी म्हटलं, म्हणजे आपल्या पोराला सुधारायला दुसऱ्याची पोर जाळायची? आत्याचं म्हणणं, सुरतेला पाठवा. जसं काही सुरतेत कोपरेच नाहीत!  वडिलांनी फक्त जेवण अर्धं टाकलं, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

आईचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, एरंडोलपासून आत एका खेड्यात राहायचा. तो खंडेरावाचा भगत. माघात गावची यात्रा भरली की बारागाड्या ओढायचा मान त्याचा. ज्यांनी बारागाड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बैलगाड्या बारा, पण बैल एकही नाही. एकीमागे एक अशा बांधायच्या, त्यात माणसं खच्चून बसवायची, आणि सगळ्यांत पुढच्या गाडीचं जू धरून भगताने ती आख्खी रांग देवळापर्यंत ओढत न्यायची. त्याच्या दोन बाजूंना दोन धडधाकट जवान पळतात, त्यांना बगले म्हणतात. भंडारा उधळतो, येळकोटाचा गजर होतो, आणि गाड्या हलल्या की भल्याभल्यांच्या अंगावर काटा येतो.

यात्रेच्या थोडं आधी मामा हळद आणि खोबरं घ्यायला जळगावला आला होता. मी त्याच्यापुढे सगळं ओकून टाकलं. कॉलर धरल्याचंही सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पोरी, कॉलर धरीसन माणूस घर येत नही." आणि उठून कोपऱ्याकडे चालायला लागला. लंगडत होता, कारण आदल्या वर्षी त्याच्या पायाचं बोट पहिल्या गाडीच्या चाकाखाली गेलं होतं. मी मागोमाग.

आता आमच्याकडची एक रीत. खान्देशात मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, पण आमच्याकडे भाचा म्हणजे देवासारखा, मग तो पाळण्यातला असो नाहीतर दोनदा नापास झालेला असो. घरात हे नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी पिवळा फेटा बांधलेला, कपाळभर भंडारा लावलेला साठीचा मामा भर कोपऱ्यावर, शेठच्या बाकड्यासमोर, खाली वाकला आणि निळ्या शर्टातल्या त्या पोराच्या पायांना त्याने हात लावला. धाकटा लाजेने लालेलाल झाला. पोरं बाकड्यावरून खाली उतरली. शेठसुद्धा नकळत बाकड्यावरून उठून उभा राहिला.

"भाचा, बारागाड्या उन्यात," मामा म्हणाला. "माणसं कमी शेत. तू चाल."

ना उपदेश, ना विचारपूस. बारागाड्या आल्या, माणसं कमी आहेत, चल. ज्याने पायांना हात लावलाय त्याला नाही कसं म्हणणार? धाकट्याने शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाला, "जा, देवाचं काम आहे. पण यात्रेच्या दिवशी संध्याकाळी आपलंही काम आहे, विसरू नको." ते काम काय होतं हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. स्टेशनपलीकडच्या टोळक्याशी खुन्नस होती, आणि सायकलच्या दुकानाच्या माळ्यावर साखळ्या-तलवारी जमा होत होत्या. त्या संध्याकाळी आमचा पोरगा त्यांच्याबरोबर गेला असता, तर एक तर दवाखान्यात दिसला असता नाहीतर बेड्यांमध्ये. त्यानंतर कोणाच्याही पायाला हात लावून काही उपयोग झाला नसता. म्हणून मीही मशीनवर चादर टाकली आणि त्याच्याबरोबर मामाच्या गावाला गेले. सरळ सांगायचं तर पहारा द्यायला गेले.

गावात त्याला आधी गाड्या गोळा करायचं काम मिळालं. तोवर घरोघर टायरच्या गाड्या आल्या होत्या, पण देवाला लाकडी चाकाचीच गाडी चालते. तशा गाड्या शोधत तो मामाची सायकल घेऊन आजूबाजूची गावं पालथी घालायचा. कुणाची गोठ्यामागे पडलेली, कुणाची कोंबड्यांनी बळकावलेली. जाईल तिथे 'भगतना भाचा उना' म्हणून त्याला खाटेवर बसवायचे, चहा पाजायचे आणि गाडीचं जन्मापासूनचं पुराण ऐकवायचे. घरी येऊन तो ते मला ऐकवायचा. कुठल्या चाकाची लोखंडी धाव सैल आहे, कुठल्या चाकांमधला आख करकरतो, कुठल्या गाडीचा म्हातारा मालक ती देताना रडला. इतकं तो वर्षभरात बोलला नव्हता. मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, अगं बाई, याला बोलता येतं की!

त्याच्या मनात मात्र वेगळंच होतं. आपल्याला बगला होता येईल, हळद लावून मामाच्या शेजारी पुढे पळता येईल, अख्खं गाव बघेल, या हिशेबाने तो रोज सकाळी जोर काढायचा. मामाने सांगितलं, "तू मांगे. दोरवर."

हे दोराचं प्रकरण नवीन होतं आणि गावाला ते अजिबात पसंत नव्हतं. रस्ता शेवटी देवळाकडे उताराचा आहे. गाड्या एकदा उताराला लागल्या की ओढाव्या लागत नाहीत, अंगावर येतात. पण गावाची श्रद्धा अशी की गाड्या देव ओढतो आणि देवच थांबवतो. मामाचं बोट चिरडलं तरी लोक म्हणाले, त्याच्या उपासात काही चूक झाली असेल. म्हणे उपासात चूक! मी तर तोंडावर बोलले असते, पण मामाने डोळ्यांनी गप्प केलं. या वर्षी त्याने ठरवलं होतं की शेवटच्या गाडीच्या आखाला मोटेचा जाडजूड नाडा बांधायचा, आणि गड्यांनी तो मागे ताणून धरायचा. पारावरची म्हातारी मंडळी चिडली. "देवले दोर कसाले?" मामा हात जोडून म्हणाला, "आबा, दोर बी देवनाच शे." नाड्याला पिवळं फडकं गुंडाळलं, झेंडूची माळ घातली, तेव्हा कुठे ते कबूल झाले.

पण दोर धरायला पोरं मिळेनात. मागे धुळीत, जिथे कुणी बघत नाही, तिथे कोण उभं राहणार? गावातली पोरं त्याला शेपूट म्हणून हसायला लागली. आमच्या शूरवीराने पिशवी भरली. "शेपूट धरायला बोलावलं का मला?" म्हणाला. "तिकडे निदान पुढे तरी उभं करतात." मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात मामा आला. त्याने आपला ठेचलेला पाय त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "पुढे मी शे, मांगे तू शे. मन्हा जीव तुन्हा हातमा शे. आते जावानं व्हई तं जाय."

धाकटा त्या पायाकडे बघत राहिला. मग पिशवी खुंटीला टांगून तो नाडा भिजवायला विहिरीवर गेला. मला तेव्हा इतकं भरून आलं की मी चुलीशी जाऊन उगाच धुराच्या नावाने डोळे पुसले.

यात्रेचा दिवस उजाडला. दुपार कलली तशी माणसांची नुसती रेटारेटी झाली. गाड्या पाटलाच्या वावरापासून रांगेने उभ्या होत्या, आणि प्रत्येकीत तिळाला जागा नाही इतकी माणसं, वर पोरं लोंबकळलेली. मामा पहिल्या गाडीभोवती फेरे घालत होता. मी पाण्याची कळशी घेऊन शेवटच्या गाडीमागे उभी होते, डोळा धाकट्यावर. त्याने हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि तो सारखा मागे-पुढे बघत होता. दोरावर यायचं कबूल केलेल्या गड्यांपैकी निम्मे बेपत्ता. एक तमाशाच्या तंबूत सापडला, दोघं पिऊन आडवे. राहिले मोजके, आणि त्यात एक तर पाटलांचा म्हातारा सालदार, म्हणजे सालगडी.

तेवढ्यात दोन मोटारसायकली गर्दी कापत आल्या. शेठ आणि त्याची तीन पोरं. 

"चल, बस," शेठ म्हणाला. "सगळे थांबलेत."

"गाड्या आता सुटतीलच, शेठ. थोडं थांबा."

शेठने दोराकडे पाहिलं, झेंडूच्या माळेकडे पाहिलं आणि हसला. "शेपूट धरून उभा राहिलास? माझ्याकडचा पोरगा?"

मी कळशी खाली ठेवली. म्हटलं आता याची चांगली खरडपट्टी काढते. पण धाकट्याला माझी गरज पडली नाही. शेठला उत्तर न देता तो त्या तीन पोरांकडे वळला. "माणसं कमी आहेत," तो म्हणाला. "पुढे माझा मामा आहे. धरा रे."

पोरं शेठच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांतला एक आडदांड, बैलाच्या मानेचा, कोपऱ्यावर सगळ्यांत बदनाम होता. म्हातारीची भांडी फेकणारा हाच, असं लोक सांगत. त्याने पायातले बूट काढले, एका बाजूला नीट ठेवले आणि दोर धरला. म्हणाला, "सांग, कधी ओढायचा?" मग बाकीचे दोघंही आले. शेठ मोटारसायकलवर तसाच बसून राहिला.

येळकोटाची आरोळी उठली आणि गाड्या हलल्या. आधी कुरकुर, मग खडखडाट, मग धरणी हादरावी तसा आवाज. भंडाऱ्याने हवा पिवळी झाली. दोर धरलेली पोरं नुसती मागे मागे पळत होती, आणि मीही पदर खोचून त्यांच्यामागे धावत होते. उतार लागला. गाड्यांनी वेग धरला. पुढून एकदम वेगळीच ओरड आली. बायका किंचाळल्या. नंतर कळलं की डावीकडचा बगला ठेच लागून पडला होता आणि मामा एकटाच जूखाली पळत होता, ठेचलेल्या पायाने, मागे बाराच्या बारा गाड्या.

धाकटा ओरडला, "बसा! टाचा रोवा! ओढा!" असा आवाज त्याच्या नरड्यात आहे हे मला माहीतच नव्हतं. सगळे मागे कलले. तरी दोर त्यांना फरफटत नेत होता. म्हातारा सालदार गुडघ्यावर गेला. मग मला राहवलं नाही. मी दोराचं टोक धरलं आणि अंग मागे टाकलं. माझ्यापुढचा तो आडदांड ओरडला, "अक्का, तुम्ही सरका!" मी ओरडले, "तूच ओढ, तोंड काय चालवतो!" हाताची सालटी निघाली. फुफाटा नाकातोंडात गेला. आणि धाकटा गळा फाडून ओरडत होता, "मामा, पळ! मामा, पळ!"

गाड्या मंदावल्या, करकरल्या आणि थांबल्या. देवळाच्या पायरीपासून मामा एवढ्या अंतरावर उभा होता की हात लांबवला तर पायरीला लागावा. उभा होता! सगळं गाव पुढे धावलं, त्याला खांद्यावर घेतलं, देवाने गाड्या थांबवल्या म्हणून जयजयकार केला. करू दे. मागे धुळीत आम्ही जमिनीवर बसलो होतो. धाकट्याच्या हातांच्या चिंध्या लाल झाल्या होत्या आणि तो लहान पोरासारखा खदाखदा हसत होता, हसता हसता रडत होता. आडदांडाने त्याला मिठी मारली. मी म्हाताऱ्या सालदारालाच मिठी मारणार होते, शेवटच्या क्षणी भान आलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही, हे मी नवऱ्यासमोरही सांगते.

बाईने दोर धरला म्हणून पुढे पारावर चांगली खडाजंगी झाली. देवाची काही तक्रार असेल तर तो मला सांगेल, असं म्हणून मी तो विषय संपवला.

शेठ गर्दी ओसरल्यावर आला. "झालं ना? चल आता," म्हणाला.

धाकटा उठला. कपडे झटकले नाहीत की नजर खाली घातली नाही. "मी येत नाही, शेठ. आज नाही आणि पुढेही नाही."

"मग करशील काय रे?" शेठने विचारलं. अगदी आमच्या घरच्यासारखं विचारलं.

"बाराही गाड्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्यात," धाकटा म्हणाला. "मी सांगून आणल्यात."

शेठने मोटारसायकल सुरू केली. दोन पोरं त्याच्या मागे गेली. आडदांड गेला नाही. तो बूट हातात घेऊन गाड्या सोडायला लागला. त्या संध्याकाळी स्टेशनपलीकडे जे व्हायचं ते झालं, आणि परत गेलेल्यांपैकी एकाला वर्षभर तुरुंगात काढावं लागलं. त्याची आई माझ्याकडे ब्लाऊज शिवून घ्यायला यायची. तिच्यासमोर माझा हा विजय मी कधी बोलून दाखवला नाही. तिच्या पोराला न्यायला कुठला मामा कोपऱ्यावर आला नव्हता.

आमचा धाकटा पुढे नशिराबादच्या रस्त्यावर गाड्या-ट्रॉल्या बनवणाऱ्याकडे वेल्डिंग शिकायला लागला. आडदांड त्याच्याच बरोबर. पोरं का बिघडतात यावर मोठमोठी भाषणं मी नंतर पुष्कळ ऐकली. मला एवढंच कळतं की पोराला कुणीतरी 'तुझ्यावाचून अडलंय' म्हणावं लागतं, आणि ते खरं असावं लागतं. शेठ नुसतं म्हणायचा. मामाचं खरोखर अडलं होतं.

पुढच्या माघात धाकटा आठवडाभर आधीच गावाला गेला. यात्रेच्या दिवशी मीही निघाले, तर एसटीत जागा नाही. कोपऱ्यावरची जवळजवळ सगळी पोरं आधीच चढून बसलेली, हातात चिंध्यांची बोचकी. आडदांडाने त्यांना 'माणसं कमी आहेत' म्हणून सांगून ठेवलं होतं. बस सुटायच्या आधी मी खाली पाणी घ्यायला उतरले, तर स्टँडच्या चहाच्या टपरीशी शेठ एकटाच उभा, हातात ग्लास. गॉगल नव्हता. मला बघून म्हणाला, "अक्का, आज पोरं दिसत नाहीत कुठे?"

"दोर धरायला चाललीत," मी म्हटलं. "तुम्हीही चला. पण मागे उभं राहावं लागतं, बघा झेपतंय का."